व्याकरणाच्या पुस्तकातली लाल लोकर

बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेली तेव्हा तिने कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी अशाच होतात. ती उशी उचलून निघाली आणि मी तिला दार उघडून दिलं.

कारण मी माझं मीच शोधलं. गेली काही वर्षं मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतो. पिशवी घेऊन जिना चढलो की धाप लागते. पोट सुटलंय. आणि दिवा मालवल्यानंतरच्या गोष्टींतला माझा उत्साह, कसं लिहावं कळत नाही, पण तो नाहीसा झालाय. 'हा माणूस आता उपयोगाचा राहिला नाही' असं तिने ठरवलं असणार, अशी माझी खात्री पटली. एरवी माझी कशाबद्दलच खात्री पटत नाही. स्वतःविरुद्ध असली की मात्र चटकन पटते.

मला एवढंच हवं होतं, की ती उशी परत यावी.

मेहुण्याला कसा सुगावा लागला देव जाणे. त्याचा फोन आला.

"भावोजी, ताई दुसऱ्या खोलीत म्हणे? अहो, एक इंजेक्शन ठोकून घ्या. माझ्या जिममधले सगळे घेतात. घोडा व्हाल."

"मला घोडा नको व्हायला," मी म्हणालो. "आहे तोच माणूस परत झालो तरी चालेल."

"तुमचं हे असंच. औषधालाही आधी प्रस्तावना लागते तुम्हाला."

त्यात तथ्य होतं. मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. मला काहीही झालं तरी मी आधी पुस्तक आणतो. या वेळी साठीनंतरच्या आरोग्याचं एक जाडजूड पुस्तक आणलं, त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि कण्यावर सुवाच्य अक्षरात 'व्याकरण' असं लिहिलं. म्हणजे कोणी उघडणार नाही. टेस्टोस्टेरॉनच्या प्रकरणात खूण म्हणून वाचनालयाचं जुनं कार्ड ठेवलं. तेही असं आत सारून, की टोकसुद्धा बाहेर दिसू नये. पुस्तक उशीखाली.

मग रक्त तपासायला गेलो. तिथे सकाळी गर्दी असते आणि गर्दीत माझे जुने वाचक असतात. "काय काका, काय तपासायला आलात?" असं कोणी विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे विरघळलो असतो. म्हणून भरपेट जेवून, दुपारी सगळं सामसूम झाल्यावर गेलो. आकडा फारच कमी आला. माझी अपेक्षाही तीच होती.

आता डॉक्टरकडे जाणं आलं. आमची डॉक्टर म्हणजे लहानपणी माझ्या वाचनालयात पाय हलवत गोष्टीची पुस्तकं वाचणारी मुलगी. तिला मी कित्येकदा 'हळू बोल' म्हणून दटावलंय. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडाने बोलणार? बोलायचंच नाही, असं ठरवलं. ग्रंथपालाची रीत सोपी असते. पुस्तक पुढे ठेवायचं, वाचणारा वाचतो.

"काका, या, बसा. काय होतंय?"

मी व्याकरण तिच्या टेबलावर ठेवलं. "खूण घातलेलं पान," एवढं म्हणून मी फरशीकडे बघत बसलो.

तिने पान उघडलं. बराच वेळ वाचलं.

"हं. कधीपासून आहे हे?"

"दोन-तीन वर्षं असेल. हळूहळू वाढत गेलं. म्हणजे कमी होत गेलं."

"काकूंना त्रास होतो?"

"ती काही बोलत नाही. दुसऱ्या खोलीत गेली."

"साहजिक आहे."

हे मला लागलं. पण खरं होतं.

"त्या वेळी तोंड उघडं असतं का तुमचं?"

मी फार विचार केला. "आठवत नाही," मी म्हणालो. "बरेच दिवस झाले."

"बरेच दिवस झाले? रोज होत नाही?"

"अगं, या वयात रोज?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. प्रकरणाचं नाव होतं 'घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे'. पानावर लाल लोकरीचा एक तुकडा लोंबत होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. पण लोकर ओळखीची होती. बायको सध्या त्याच लोकरीचा स्वेटर विणते.

"ही माझी खूण नव्हे, बायकोची लोकर आहे," मी म्हणालो आणि आतलं कार्ड शोधून माझं पान उघडून दिलं. सोबत रिपोर्टही ठेवला.

ती हसली नाही. निदान तोंडाने नाही.

"काका, एक म्हणजे हे हार्मोन सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. जेवण झालं की आणखी उतरतं. दुपारच्या आकड्यावर मी काही ठरवणार नाही. सकाळी उपाशीपोटी जा, आणि तेही दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. दुसरं म्हणजे झोपेत श्वास अडकत असेल, पोट वाढलं असेल, तर त्यानेही हा आकडा खाली येतो. थकवाही त्याचाच असू शकतो. काकूंनी बरोबर पान काढलंय."

"आणि इंजेक्शन?"

"कोणी सांगितलं?"

"मेहुण्याने."

"त्यांना म्हणावं, ते टॉनिक नाही. ज्याला खरंच कमी आहे आणि त्रासही आहे त्याला देतात, आणि मग प्रोस्टेट न् रक्त तपासत राहावं लागतं. आधी झोपेचं बघू."

सकाळच्या गर्दीत दोनदा उभा राहिलो. कोणीही काही विचारलं नाही; प्रत्येक जण आपापली लघवीची बाटली लपवण्यात गुंतला होता. आकडा कमीच आला, पण दुपारच्याइतका भयंकर नाही. मग एक रात्र अंगाला तारा लावून झोपलो आणि निष्कर्ष निघाला, की माझा श्वास रात्रभर अडकत राहतो आणि मी प्रचंड घोरतो. मी, ज्याने सगळी हयात 'शांतता राखा' या पाटीखाली काढली.

उपाय म्हणून एक पेटी घरी आली. पेटीला नळी, नळीला मास्क. दुपारी पलंगावर बसून मी तो नाकावर चढवून बघत होतो. बायको विणकाम घेऊन दारात उभी राहिली.

"हत्तीचं पिल्लू," ती म्हणाली.

मी मास्क काढला. "घोरतो म्हणून गेलीस?"

"मग कशासाठी? लोखंडी कपाट ओढत नेल्यासारखा आवाज येतो. आणि मधेच बंद पडतो. तो बंद पडला की मला जास्त भीती वाटायची. त्या खोलीतूनही कान इकडेच असायचे."

"सांगायचंस ना."

"तुम्ही विचारलंत? दार उघडून दिलंत. मला वाटलं, सुटलो म्हणताय."

मी मास्क पेटीवर ठेवला.

"पण ते पुस्तक तुला दिसलं कसं?"

"व्याकरण उशीखाली कोण ठेवतं हो?" ती म्हणाली. "तुमचं कार्ड कुठल्या पानावर होतं तेही बघितलं. वाचलं सगळं."

माझे कान तापले. "मग?"

"मग काय. त्या लेखकाला बायकांचं काही कळत नाही."

लेखकाचं नेमकं काय चुकलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी फिरायला जायला लागलो. पोट थोडं उतरलं. काही महिन्यांनी पुन्हा सकाळी रक्त दिलं. आकडा काठ ओलांडून जेमतेम आत आला होता. "औषध सध्या नको," डॉक्टर म्हणाली, "पुन्हा खाली गेला तर बघू. बाकी कसं काय?"

"बरं आहे," मी म्हणालो, आणि पुस्तक न दाखवता एवढं बोलल्याचं मला कौतुक वाटलं.

उशी मात्र त्याच्या कितीतरी आधी परत आली होती. पेटी आणली त्याच आठवड्यात. "मशीन नीट चालतंय का बघायला आलेय," असं म्हणत तिने ती माझ्या उशीशेजारी टाकली. मास्कमुळे मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. बोललो असतो तर काहीतरी बिघडवलं असतं. मी नुसता सरकून जागा दिली.

मशीन नीट चालतंय, याची तिची अजून खात्री पटलेली नाही.