इर्माच्या भुवया

सेलेस्तीनोनं पहिला ग्लास उचलला, दांडीला धरून दोनदा फिरवला आणि नाक पार आत खुपसलं. वास कसला येतोय! नळाचं पाणी हुंगल्यासारखं. तरी त्यानं रीतीप्रमाणे डोळे मिटले, "हं" केलं आणि हळूच एक डोळा उघडून चुलीपाशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

इर्माचा चेहरा कोरा.

टेबलावर तीन ग्लास होते, तळघरातल्या तीन पिंपांतले. लाकडात वर्षानुवर्षं मुरलेली बारोलो वाइन आता बाटलीत जायची होती. कुठल्या पिंपावर घराण्याचं नाव लागणार हे घरच्या वडीलधाऱ्यानं हुंगून ठरवायचं, ही बेर्तोरेल्लोंची रीत. सेलेस्तीनोच्या बापानं ती पाळली, आज्यानं पाळली. त्यांची नाकं मात्र शाबूत होती. सेलेस्तीनोचं दोन हिवाळ्यांपूर्वी तापात गेलं ते गेलंच. नोव्हेंबरात अंड्यावर पांढरं ट्रफल, ती जमिनीखालची घमघमीत अळंबी, किसलं, सगळं घर त्या वासानं वेडं झालं, आणि हा आपला खडू खाल्ल्यासारखा चावत बसला. पण सांगायची लाज. ज्याला वास येत नाही तो कसला बारोलोवाला?

निभावलं ते इर्मामुळे. तीही उभ्याउभ्या चाखायची. वाइन जमलेली असली की तिची डावी भुवई वर जायची, बिनसलेली असली की ओठ आवळले जायचे. बिचारीला पत्ताही नाही, असं तो धरून चालला होता. मागच्या दोन्ही खेपांना त्यानं त्या भुवईवर निकाल दिले आणि गावाची शाबासकी खिशात घातली.

दुसरा ग्लास. इर्मा ढिम्म. तिसरा. ती सरळ त्याच्याकडेच बघत होती आणि चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. सेलेस्तीनोच्या मानेवर घाम आला.

"पापा, सांगा की आता," वाल्तेर म्हणाला. चाळिशी ओलांडलेला त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यानंही तिन्ही चाखल्या होत्या. "तुम्ही म्हणाल ते खरं."

'तिन्ही उत्तम' हे शब्द सेलेस्तीनोच्या अगदी जिभेवर आले होते. पण एखादं पिंप खरंच बिघडलेलं असलं तर? हजारो बाटल्या, आणि प्रत्येकीवर बापाचं आडनाव. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "ताप आला होता ना, तेव्हापासून. काही म्हणता काही येत नाही."

वाल्तेर आ वासून बघत राहिला. इर्मानं मोठा सुस्कारा सोडला.

"बोललास बाई एकदाचा!"

"तुला ठाऊक होतं?"

"नाहीतर काय! शेजारी दूध करपून कोळसा झालं तरी तू पेपर वाचत बसतोस. भुवया उडवून उडवून कपाळ दुखायला लागलं माझं."

सेलेस्तीनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग आज का अशी दगड झालीस?"

"हा तुझ्या तोंडाकडे बघतो, तू माझ्या तोंडाकडे बघतोस. वाइनकडे कोण बघतंय? उद्या मी गेले म्हणजे?"

सेलेस्तीनोनं तिन्ही ग्लास मुलापुढे सरकवले.

"मी?" वाल्तेर म्हणाला. "मला कुठलं कळतंय!"

"हुंग."

वाल्तेरनं हुंगलं. पहिला, दुसरा, तिसरा. मग परत तिसरा. त्यानं मान वर केली. आई खिडकीबाहेर बघत होती, बाप टेबलाकडे.

"तिसरं नको," तो चाचरत म्हणाला.

त्यानं ग्लास पुन्हा नाकाशी धरला, या खेपेला बराच वेळ.

"नको म्हणजे नको," तो म्हणाला. "व्हिनेगर व्हायला लागलंय. आपलं नाव नाही घालायचं त्याच्यावर."

सेलेस्तीनोचा जीव टांगणीला लागला होता. एक वास, फक्त एकदा यावा, यासाठी त्यानं अर्धी द्राक्षबाग दिली असती. शेवटी न राहवून तो चुलीकडे वळला.

"खरं का गं?"

"मला काय विचारतोस?" इर्मा म्हणाली. "मालक तिकडे बसलाय."