दोन टाके आणि दीडशे कोबी

मी मणक्याची दुर्बीण बोलतेय. जाडीने पेन्सिलीएवढी, टोकाला दिवा आणि डोळा. कोरियातल्या देगू शहराच्या एका इस्पितळात माझं आयुष्य चाललंय. तिथे माझं कौतुक फार होतं, पण आज मी चिडलेय.

डॉक्टर प्यो मला नखाएवढ्या छेदातून पाठीत सोडतात. मणक्यामधली गादी सरकून नस दाबत असते, ती मी पडद्यावर दाखवते. पेशंटला जागंच ठेवतात, नस दुखावली तर त्याने लगेच सांगावं म्हणून. त्यामुळे घरोघरच्या गोष्टी माझ्या कानावर येतात.

ओकबुन आजी नोव्हेंबर लागताना आल्या. लसणाच्या वाफ्यात जन्म गेलेला, दहा पावलं टाकणं मुश्कील. नस मोकळी झाली तशा म्हणाल्या, "अगं बाई, पायातली आग गेली."

"आई, सहा आठवडे वाकायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "बादलीसुद्धा उचलायची नाही."

तीन आठवड्यांत मी पुन्हा त्याच पाठीत. गादी पुन्हा बाहेर, नस पार चेपलेली.

"काय केलंत, आई?"

"वर्षाची किमची घातली. दीडशे कोबींचं तिखट लोणचं."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलंत हो. पण थोरल्या जाऊबाईंनी सदरा वर करून पाठ बघितली. म्हणाल्या, 'एवढंच? मांजर याहून जास्त ओरबाडतं. ऊठ, कोबी मिठात घाल.' मुलगाही हसला. मग मलाच लाज वाटली."

लाज! पूर्वी पाठ वीतभर चिरायचे तेव्हा हीच माणसं बाईला महिनाभर उठू देत नसत, हातात सूप आणून देत. छेद लहान ठेवला हीच माझी हुशारी, आणि तीच आजींच्या मुळावर आली. आतली जखम मी पडद्यावर केवढी मोठी दाखवते, पण घरच्यांनी पडदा कुठे पाहिला?

"पायाचा अंगठा वर करा, आई."

"केला की."

अंगठा हलला नव्हता.

डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. दोन टाके घातले आणि त्यावर बगलेपासून कमरेपर्यंत जाडजूड पट्टी गुंडाळली.

"एवढी कशाला?"

"जाऊबाईंसाठी."

डॉक्टरांना हे पहिल्या वेळी का सुचलं नाही, म्हणून माझा राग त्यांच्यावरही आहे.

आता मला धुऊन पेटीत ठेवलंय. उद्या दुसरी पाठ. बाबांनो, टाके मोजून दुखणं ठरवू नका. आजींकडची किमची एव्हाना मुरली असेल. घरचे ती वर्षभर चवीने खातील, आणि पाय ओढत वाढतील आजीच.