अमृताच्या आधी घरी पोचलेली पेटी

मी एक काळी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, वयानं मी फार जुनी नाही. पण मुकुंदवाडीतल्या एका अंगणात ऊन-पाऊस खात पडले आहे, म्हणून जुनी दिसते.

माझा जन्म शहागंजातल्या एका दुकानात झाला. ठोकून ठोकून माझे कान किटले, पण अंग चांगलं घट्ट झालं. दुकानांच्या पाट्या रंगवणारे कडुबा हिवराळे मला घरी घेऊन आले. त्यांची मुलगी अमृता सैन्यात परिचारिका झाली होती, तीही लेफ्टनंट! कडुबांनी पांढऱ्या रंगात माझ्यावर तिचं नाव लिहिलं आणि सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

हसल्या नाहीत त्या फक्त अमृताच्या आई, मालनबाई. त्यांचा भाऊ फकिरा सैन्यात होता. तो डोंगरावर गेला आणि घरी आली ती त्याची पेटीच.

"नोकरी कर बाई, पण डोंगरात जायचं नाय. शब्द दे मला."

"नाय जाणार, आई. दवाखान्यातच तर काम हाये," अमृता म्हणाली.

असा शब्द देणं तिच्या हातात कुठं होतं! नव्या परिचारिकेला सैन्यात सुरुवातीलाच समजावतात : एका ठिकाणी साधारण दोन-तीन वर्षं, मग बदली. कधी शहरातली छावणी, कधी बर्फाचा डोंगर. हुकूम आला की निघायचं. प्रत्येक बदलीला पेटीवरचं जुनं ठिकाण खरवडून नवं लिहायचं, अशी तिथली रीत आहे.

पंजाबातल्या पहिल्या दवाखान्यात आमचे दिवस बरे गेले. माझ्या पोटात इस्त्रीचे कपडे असत आणि तळाशी मालनबाईंनी दिलेली जवसाची चटणी. मग एक दिवस डोंगरावरच्या दवाखान्याचा हुकूम आला. अमृतानं माझ्यावरच बसून घरी फोन केला.

"आई, बदली झाली. हितल्यासारखंच हाये तिथं."

आईचा जीव उगाच टांगणीला नको, एवढाच तिचा विचार. माया होती हो, पण खोटं ते खोटंच.

वर जाताना जड पेटी नेता येत नव्हती. देवगाव रंगारीचा बद्रीनाथ नावाचा जवान सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर तिनं मला घरी धाडलं. तो पोचायच्या आत फोन करून सगळं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण वाटेतच तिच्या फोनची रेंज गेली.

बद्रीनाथ मला खांद्यावर घेऊन दारात आला. अंगात वर्दी, कपाळावर घामाच्या धारा. त्यानं मला खाली ठेवलं आणि घाम पुसायला डोक्यावरची टोपी काढली. मालनबाईंनी फकिराच्या वेळेसारखाच टोपी काढलेला जवान पाहिला, माझ्यावरचं लेकीचं नाव पाहिलं आणि त्या किंचाळल्या.

"अवो मावशी, ताई बरी हाये! लई बरी हाये!" बद्रीनाथ ओरडत राहिला. पण मालनबाई तोवर कोसळल्या होत्या.

जीव वाचला. उजवं अंग आणि वाचा मात्र गेली.

पुढे अमृताचा फोन लागला. कडुबा तो मालनबाईंच्या कानाशी धरता धरता हळूच म्हणाले, "ऐक, मालन. जित्ती हाये आपली पोरगी." मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

"आई, बोल ना गं! रागावलीस व्हय माझ्यावर?"

कडुबांनी फोन आपल्या कानाला लावला. "आत्ताच उठून बाहेर गेलीया ती, बाळा. तू नीट ऱ्हा."

पोरीचा जीव तिथं उगाच टांगणीला नको, असा त्यांचाही विचार. तेव्हापासून आई कधी बाजारात असते, कधी झोपलेली असते. मला पाहिलं की मालनबाई थरथरतात, म्हणून कडुबांनी मला अंगणात काढलं. माझा राग कुणावरच नाही.

मित्रांनो, मला रंग नाही दिलात तरी चालेल. पण दूर जाताना खरं ठिकाण सांगून जा. दूर गेलेल्यालाही घरचं खरं कळू द्या. अमृताला वाटतंय की आई रुसली आहे, म्हणून ती सुट्टी मागायलाही कचरते. आणि इकडे आई दिवसभर दाराकडे बघत पडून असते. कुणीतरी त्या पोरीला खरं सांगा हो. मला सांगता येत नाही.