डॅनीची सरासरी

माणूस मैदानावर कळतो, असं पप्पांचं ठाम मत. मुंबईत ते क्लबच्या क्रिकेटचे स्कोअरर होते. त्यामुळे इथे लंडनला एजवेअरच्या सिनेगॉगमध्ये भेटलेल्या डॅनीशी मला लग्न करायचंय म्हटल्यावर त्यांनी त्याचं घराणं विचारलं नाही, सरासरी विचारली.

डॅनी अमेरिकन हवाई दलात होता आणि त्यांच्या हातानं खेळायच्या फुटबॉलच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा म्होरक्या. अशा माणसाची सरासरी कशी काढतात, हे पप्पांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणून मत नाही, असं आमच्या घरात होत नाही.

वॉटफर्डचे डॉक्टर मोहनकाका, पप्पांचे जुने दोस्त, तेल ओतायला हजर झाले.

"मनाशे, अमेरिकेत यंदाच नवा फॉर्म्युला काढलाय. किती पास झेलले गेले, किती यार्ड, किती टचडाउन, म्हणजे त्यांचे गोल, सगळं मिळून एक रेटिंग."

"नॉन्सेन्स! दुसऱ्या टीमला किती बॉल दिले, तेवढं बघायचं. घरातलं परक्यांना वाटणारा संसार काय करणार?"

"आणि त्यानं परफेक्ट थ्रो केला नि झेलणाऱ्यानं सोडला तर?" मी तडकले. "तोही डॅनीचाच फॉल्ट?"

"कॅच सुटला तर बोलरला विकेट देतात का, जेमिमा?"

दोघं जेवण होईस्तोवर भांडले. लग्न माझं, पण मला कोणी विचारीना. असा संताप आला होता!

शेवटी डॅनीचा खेळच बघायचं ठरलं. मॅच शनिवारी, घरापासून चालत जाण्यासारख्या मैदानावर. शब्बाथला, आमच्या विसाव्याच्या दिवशी, लिहायचं नाही, म्हणून पप्पा बोटांच्या पेरांवर मोजत होते. झेललेले पास उजव्या हातावर, दुसऱ्या संघानं पळवलेले डाव्यावर. मोजणी चुकेल म्हणून त्यांनी चहा घेतला नाही, नाकसुद्धा पुसलं नाही. मी खेळ सोडून त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. तो सरकला की मी त्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवायची. मोहनकाका आपले मध्येच यार्ड सांगून त्यांना चिडवत होते.

शेवटी शेवटी डॅनीनं लांबवर चेंडू फेकला. सुरेख फेकला होता, पण पुढच्यानं तो सोडला. इकडे दोन धिप्पाड गडी डॅनीवर कोसळले. ते उठले, डॅनी उठेना.

मी दोर ओलांडायच्या आत पप्पा मैदानात पोचले होते. सिनेगॉगचा सूट घालून चिखलात गुडघे टेकलेले, डॅनीचं डोकं दोन्ही हातांत धरलेलं. "मोहन, अरे ये ना लवकर!"

मोहनकाकांनी डोळे तपासले, मान तपासली. डॅनीला नाव, गाव विचारलं. तो नीट बोलत होता. "काही नाही, हनुवटीला टाके पडतील," म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. "मनाशे, तुझा आकडा किती झाला?"

"आकडा काय घेऊन बसलास?" पप्पा ओरडले. "आपल्या पोराच्या हनुवटीतून रक्त येतंय!"

डॅनीला मराठी कळत नव्हतं. पप्पा एवढे का रागावलेत, असं त्यानं मला विचारलं.

मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. "रागावले नाहीत," मी सांगितलं. "हो म्हणाले."