पडायची शिकवणी

काशीबाई पडली, पण गादीवर नाही. गादी दोन हात पलीकडे होती आणि शर्मिला तिच्याकडे पाठ करून तुळसाला उठवत होती. देवळाच्या सभामंडपात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि बाकीच्या सहा म्हाताऱ्या एकदम गप्प झाल्या.

"काकी, हलू नको." शर्मिला तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"माका वाटला, आता जमता," काशीबाई ओठ आवळून म्हणाली. एकाहत्तर वर्षांची बाई. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं कमी आणि शरमेचं जास्त. "तू सांगलंलंस, हात पुढे करू नको म्हणान. मेलो हात आपसूक पुढे गेलो."

शर्मिलाने टपालाच्या पिशवीतून पुठ्ठा काढला, सुजत चाललेल्या मनगटाखाली धरला आणि आपली ओढणी त्यावर गुंडाळली. नवरा सुदेश रिक्षा घेऊन आला, दोघांनी काकीला मालवणला नेलं, प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आणून सोडलं.

शर्मिला पोस्टात होती. स्कूटरवरून पाच वाड्यांचं टपाल वाटायची. शाळेत असताना ती ज्युदो शिकली होती, राज्य स्पर्धेत एकदा तिसरीही आली होती. लग्न झालं आणि सामने संपले. एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. ज्युदोत दुसऱ्याला पाडायला शिकवण्याआधी स्वतः पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि काही झालं तरी हात पुढे टेकायचा नाही. रोज पहाटे पडवीत जुनी गादी टाकून ती वीसदा पडायची आणि वीसदा उठायची. सासू, यमुनाबाई, शेजारणींना सांगायची, "लोकांच्यो सुनो सकाळी उठतत. आमची उठान पडता."

तीच सासू चार वर्षांपूर्वी न्हाणीतल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. पाच महिने शर्मिलाने तिला कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. शेवटच्या आठवड्यात सासू हसत म्हणाली, "गो, तुया माकाय पडूक शिकवक होया हुतां." शर्मिलाला ते हसणं सोसवलं नाही. ती उठून विहिरीवर गेली आणि पाणी लागत नसताना चार कळशा ओढून आली.

त्यानंतर टपाल देताना तिची नजर पत्त्यावरून पायऱ्यांकडे जायला लागली. हिरव्या पडलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, ओली न्हाणी, आणि आत एकटी म्हातारी, मुलगे मुंबईला. गेल्या पावसाळ्यातच अशा दोघी अंथरुणाला खिळल्या आणि त्यातच गेल्या. तेव्हा तिने ठरवलं, म्हाताऱ्यांना पडायला शिकवायचं. सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता, देवळात. पहिल्या दिवशी एकटी काशीबाई आली होती. तिनेच पुढे घरोघर फिरून बाकीच्या सात जणींना आणलं.

मंगळवारी देवस्थान कमिटीच्या बाबलीने सभामंडपाला कुलूप लावलं.

"शर्मिला, देवळात माणसां पाया पडतत. आपटत नाय," तो म्हणाला.

तिने वाद घातला नाही. गादी डोक्यावर घेतली आणि घरी आली. सुदेशने तिला येताना पाहिलं.

"सोड आता ह्या. लोक नावां ठेवतत."

"ठेवूंदेत."

"उद्या कोणाचा खरोखरच वायट झाला तर?"

तिने गादी नेऊन जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पडवीत गादीचा धप धप आवाज नेहमीसारखा वीसदा आला. सुदेश अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होता.

बुधवारी काशीबाईचा मुलगा धनेश मुंबईहून आला. तो आपल्या दारी येईल याची शर्मिलाने वाट पाहिली नाही. टपाल संपवलं आणि खांद्यावरच्या पिशवीसकट त्याच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली.

धनेश रागावला की मुंबईची मराठी बोलायचा. "वहिनी, आईचं वय काय, तुम्ही तिला करायला काय लावता? डोक्यावर पडली असती तर?"

"चूक माझी, धनेशभाऊ," शर्मिला म्हणाली. "गादी समोर नसताना तिका उभ्या ऱ्हवाक देवक नको हुतां. माझी पाठ तिच्याकडे हुती."

धनेश थांबला. भांडायची सगळी वाक्यं तो गाडीत जुळवत आला होता. समोरून कुणी ढकलेचना, तेव्हा त्याचाच तोल गेला.

"म्हणजे... बंद करणार ना आता?"

"नाय."

"अहो, आत्ताच तर म्हणालात ना, चूक झाली?"

"झाली. ती परत करूचंय नाय. पयले दोन महिने सगळ्यांका बसानच पडूक शिकवतलंय, एकावेळी एकटीक. पण बंद करूचंय नाय." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या सासूक मी पाच महिने मरताना बघलंय. तुमी मुंबयत आसतास. मी रोज ह्या पायऱ्ये चढतंय."

धनेश पायऱ्यांकडे बघत राहिला. आतून काशीबाईचा आवाज आला.

"धनेशा, तिका बसाक सांग आणि चाय ठेव. माझो हात मोडलो, खुबो नाय."

चहा झाला. निघताना धनेशने सांगितलं, आईला तो उद्याच मुंबईला नेतोय, आता कायमचीच. शर्मिलाने मान हलवली. काशीबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

गुरुवारी शर्मिलाने आपल्याच खळ्यात गाद्या घातल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी सुदेशने दोन गाद्या दाभणाने एकमेकींना शिवून दिल्या होत्या. चार वाजले. सव्वाचार झाले. कुंपणापलीकडून शिकवणीतल्या दोघी-तिघी गेल्या. त्यांनी मान वळवली नाही. साडेचारला तुळसा आली, पदर खोचत, घाबरलेली.

"मी एकटीच?"

"बस गादयेर. हनुवटी खाली घे."

तुळसा बसली. इतक्यात कुडाळ स्टेशनाकडे निघालेली भाड्याची गाडी रस्त्यावर थांबली. मागच्या काचेतून काशीबाई वाकून बघत होती. धनेशने घड्याळ दाखवलं, तरी तिने दार उघडलं. कुंपणापर्यंत हळूहळू चालत आली, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला.

"तुळसा," ती ओरडली, "हात टेकतंस बघ! ह्या दिसता मां माझा? हात छातीर धर."

तुळसाने हात छातीवर घेतले.

काशीबाई शर्मिलाकडे वळली. तिने डाव्या हाताने शर्मिलाचं मनगट धरलं, घट्ट, सोडवून घ्यावं लागेल इतकं घट्ट. मग स्वतःच सोडलं.

"थंय मुंबयत आठव्या माळ्यार न्हाणीत लादी आसा," ती म्हणाली. "गुळगुळीत."

धनेशने तिला गाडीत बसवलं. दार लागलं, गाडी निघाली. शर्मिलाला वळणापर्यंत बघत राहावंसं वाटलं. पण मागे तुळसा एकटीच गादीवर होती, आणि पाठ फिरवायची नाही हे तिने कालच कबूल केलं होतं. ती वळली.

तुळसा तोवर पडून झाली होती. उताणी, डोळे मिटलेले, दोन्ही हात छातीशी.

"उठू गो?"

"उठ," शर्मिला तिच्या उशाशी बसत म्हणाली. "आणि परत पड."