रंग दिलेली खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे, आणि आज मी भयंकर चिडले आहे. खाटेला कसला मेला राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

एका दवाखान्याने मला मोडीत काढलं. तिथे रात्रपाळीला नर्स असलेल्या ताईने मला मागून घेतलं. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने धापा टाकत मला तीन जिने चढवलं. दोघं या मोठ्या शहरात नवीनच आली होती. खोली एवढीशी, दुसरी खाट मावणारच नाही. भाऊ दिवसा छापखान्यात कामाला, म्हणून रात्री मी त्याची. सकाळी ताई येऊन ओरडायची, "ऊठ रे कुंभकर्णा, आता माझा नंबर!" मग तो चादर झटकून नीट घालायचा, तिच्यासाठी चहा झाकून ठेवायचा आणि कामाला पळायचा. काय दिवस होते ते! मला क्षणाची उसंत नव्हती, पण घरात माया होती.

सुट्टीला मात्र दोघंही घरी. तेव्हा ताई म्हणायची, "तू झोप वर. मला काय, कुठेही डोळा लागतो." आणि गार फरशीवर चटई टाकायची. अशी सहा वर्षं गेली. रोग्यांना उचलून आणि फरशीवर पडून तिची पाठ कामातून गेली.

आता भावाचे स्वतःचे तीन छापखाने आहेत. त्याने मला रंग दिला, वर मखमली उशा मांडल्या आणि दिवाणखान्यात ठेवलं. येईल त्याला सांगतो, "ही माझ्या शहरातल्या पहिल्या दिवसांची आठवण. फरशीवर झोपून दिवस काढलेत मी!" खोटारडा! अरे, फरशीला कधी पाठ लावलीस तू? ऐकून माझ्या चारही तळपायांची आग मस्तकात जाते.

काल ताई गावाहून आली. इथल्या डॉक्टरांकडून पाठीवर उपचार करून घ्यायचे होते. माझ्या दांडीवरून हात फिरवत स्वतःशीच पुटपुटली, "आठ दिवस ठेवून घे म्हणते. नाही थोडंच म्हणणार आहे?" आणि माझ्यावर टेकायला गेली.

"अगं ताई, तिथे नको! शोभेची आहे ती. रंग जाईल!" भाऊ ओरडला. समोर त्याचे पाहुणे बसले होते. ताई निमूटपणे स्टुलावर बसली, आणि याचं नेहमीचं पुराण सुरू झालं.

एका पाहुणीने विचारलं, "तुम्ही फरशीवर, मग खाटेवर कोण झोपायचं?"

"होतं कुणीतरी," तो म्हणाला.

कुणीतरी! सख्खी बहीण समोर बसलेली असताना! मला करकरून ओरडायचं होतं, पण तेल घालून घालून माझे सांधे गप्प केलेले. ताईने पिशवी उचलली. "येते रे. बस मिळेल अजून." राहण्याचा विषय तिने काढलाच नाही. "बरं, सावकाश जा," एवढंच तो म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे शिकवतात. जळो मेली ती जपणूक! मला उद्या भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तोवर मी खाट आहे. ज्या माणसाची पाठ दुखते आहे, त्याला आधी माझ्यावर आडवं होऊ द्या. मग खुशाल सांगत बसा तुमच्या आठवणी.