उत्तराची ओळ

"ज्या दिवशी माझी ओळ आयकू नाही आली, त्या दिवशी दार ठोकजो बापा," असं शेजारच्या अंजनाबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसले. "काही नाही होत तुमाले, काकू," म्हटलं आणि माझ्या लेकीच्या, टीनाच्या, तोंडात घास कोंबला.

त्या नागपूरकडच्या ख्रिस्ती. इथे भिलाईत त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरच्या अंगणांमध्ये खांद्याएवढी भिंत. रोज संध्याकाळी, मी देवापाशी दिवा लावायच्या वेळेला, त्या अंगणात येऊन म्हणायच्या, "पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो." आणि थांबायच्या. उरलेली अर्धी दुसऱ्यानं म्हणायची, अशी त्यांची रीत. त्यांचे यजमान शेषरावकाका होते तोवर ते आतून, कधी दाढी करता करताच, उत्तर द्यायचे, "जसा आरंभी होता, तसा आता आहे आणि सदासर्वकाळ राहील, आमेन." काका गेले, तरी त्या तेवढ्याच थांबायच्या. मग उत्तरही आपणच म्हणायच्या.

एकदा माझ्या चार वर्षांच्या टीनानं भिंतीच्या अलीकडून ते उत्तर दिलं. ऐकून ऐकून पाठ झालेलं. अंजनाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग ते रोजचंच झालं.

मला त्या प्रार्थनेचं कोडं होतं. एकदा विचारलं, "यात मागता काय तुमी?"

"काहीच नाही. मागायच्या प्रार्थना अलग. हे नुसतं म्हणायचं, का तो मोठा आहे. मले बरं असो का नसो."

"काका गेले त्या दिवशीबी म्हटली?"

"रडत रडत म्हटली."

खरं सांगते, मला रागच आला. टीनाला कणकण आली तरी मी चार देवांना नवस बोलते. काहीच न मागता माणूस राहतो कसा?

मग समोरच्या ममतानं मला गेटवर गाठलं. "दामिनी, तुयी पोरगी आमेन आमेन करून राहिली. पूरा मोहल्ला सुन रहा है. माहौल माहीत आहे ना तुले?"

"अवो, लहान आहे थे."

"म्हणूनच बोलून राहिली. उद्या धर्म बदलला म्हणून कोणी दारात येऊन उभं राहिलं, त मंग आमच्याकडे नको येजो."

माझा नवरा प्रितम सेकंड शिफ्टला निघत होता. बूट घालता घालता म्हणाला, "कावून झंझट घेतं? बंद कर."

मी बंद केलं. दिवाबत्तीच्या आधीच टीनाला आत ओढायचं, टीव्ही लावायचा, आवाज मोठा. अंजनाबाईंना काही सांगितलं नाही, धीरच झाला नाही. तीन-चार दिवस त्यांची ओळ टीव्हीच्या आवाजातूनही ऐकू आली. मग बंद झाली. त्या समजल्या, असं मी धरून चालले. सुटल्यासारखंही वाटलं.

पंधरा दिवसांनी, एका सकाळी, भिंतीखालच्या मोरीतून आमच्या अंगणात पाणी यायला लागलं. नळ आलेला, आणि त्यांची तोटी उघडी. माझे वाळत घातलेले पापड भिजले. मी भिंतीवरून ओरडले, "काकू, पानी कितीक वाया घालवता!" उत्तर नाही. आणखी चिडून मी डोकावले.

त्या नळापाशी पडलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून.

मी दार तोडवलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळे पडले होते. म्हणाल्या, "पडल्याबरोबर म्हटली वो मी ओळ. दोनदा. जोरानं म्हटली. तुमचा टीवी सुरू होता."

तक्रार नव्हती त्यात. असती तर मी भांडले तरी असते.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं आणि त्यांचा भाचा हेमराज त्यांना दवाखान्यातूनच आपल्या घरी, भिलाई-3 या वस्तीत, घेऊन गेला. क्वार्टरला कुलूप. आता सात आठवडे झाले. हेमराजचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. एकदा उचलला, "सो रही हैं" म्हणाला आणि ठेवला. टीनाला कडेवर घेऊन मी दोनदा तिकडे गेले. पत्ता एवढाच, रेल्वे लाइनच्या पलीकडे, आटाचक्कीमागे. आटाचक्क्या तीन निघाल्या. दुसऱ्या खेपेला घर सापडलं, हिरव्या गेटाचं. हेमराजची बायको दारातच उभी राहिली. "सो रही हैं." सकाळचे अकरा वाजले होते.

प्रितम म्हणतो, आता त्यांच्या घरचे बघतील. मला झोप नाही.

तुमच्यापैकी कोणी भिलाई-3 ला राहत असेल, तर एकदा जाऊन बघा. अंजनाबाई, वय एकाहत्तर, उजवा पाय टेकत नाही. झोपल्या आहेत असं कोणी दारातून सांगितलं तर परतू नका. आत जा, त्यांच्याशी बोला, आणि मला कळवा.